सतरा टक्क्यांची फोड

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात पेट्रोलवरून देशभर जो वाद पेटला, त्यात मीही एक काडी टाकली होती. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर मी ठामपणे लिहिले होते की माझ्या गाडीचे मायलेज शहरात १३ वरून साडेअकरावर आले आहे आणि याला वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोलच जबाबदार आहे. भौतिकशास्त्रात पीएच.डी. केलेल्या माणसाने आकडा सांगितला की घरात सहसा कोणी प्रतिवाद करत नाही. या वेळी शिरोळ तालुक्यात ऊस पिकवणाऱ्या काकांनी केला. त्यांचा फोन आला तो थेट याच वाक्याने : “अगं, उसाला कशाला नावं ठेवतीस? आधी गाडी बघ की.”

काकांचे हितसंबंध उघड होते. त्यांचा ऊस ज्या कारखान्यात जातो, तिथे इथेनॉल तयार होते. पण हितसंबंध असलेल्या माणसाचे म्हणणेही बरोबर असू शकते, आणि मी गाडी पाहिलेली नव्हती हे तर खरेच होते. मी फक्त टाकी भरली होती, भागाकार केला होता आणि वर्तमानपत्रातील वादाशी त्याची सांगड घातली होती. प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने असे केले असते, तर मी त्याला परत पाठवले असते.

गाडी २०१४ ची, लहान पेट्रोल हॅचबॅक. मी बेंगळुरूला आल्यापासून ती माझ्याबरोबर आहे. वर्षातून दोनदा ती राष्ट्रीय महामार्गाने कोल्हापूरकडे जाते, उरलेले दिवस यशवंतपूर आणि हेब्बाळच्या वाहतुकीत उभी राहते. योगायोग असा की ई२० ची सुरुवातही याच शहरातून झाली. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुमकूर रस्त्यावरील प्रदर्शन केंद्रात ‘इंडिया एनर्जी वीक’चे उद्घाटन झाले, त्याच वेळी ११ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील ८४ पंपांवर हे इंधन प्रथम उपलब्ध झाले. २०१४ मध्ये पेट्रोलातील इथेनॉलचे प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. जून २०२२ मध्ये ते १० टक्के झाले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. मूळ उद्दिष्ट २०३० चे होते.

मायलेजविषयीचे अधिकृत आकडे दोन ठिकाणी सापडतात. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात म्हटले होते की मुळात शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींची इंधन-कार्यक्षमता ई२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणात ई२० साठी जुळवलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के आणि इतरांत ३ ते ६ टक्के घट सांगितली. समाजमाध्यमांवर मात्र लोक १५, २०, अगदी ३० टक्के घट झाल्याचे लिहीत होते. शुद्ध पेट्रोलचा पर्याय मागणारी जनहित याचिका १ सप्टेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, पण लोकांच्या मनातील प्रश्न तसाच राहिला : कागदावरचे ६ आणि माझ्या टाकीतले १२ किंवा १५, यांमधले अंतर कुठून आले?

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक गाडी स्वतःच लिहून ठेवत असते. ते कसे, हे सांगण्यासाठी ही पोस्ट.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे प्रमाण फार काटेकोर असावे लागते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण सांभाळायचे ते धुराड्यातील त्रिमार्गी उत्प्रेरकासाठी. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्ही विषांचा निचरा तो एकाच वेळी करतो, पण मिश्रण या प्रमाणाच्या अगदी अरुंद पट्ट्यात असेल तरच. इंधन जास्त झाले तर पहिली दोन उरतात, हवा जास्त झाली तर तिसरे.

इंजिनाचा संगणक आधी अंदाज करतो : इतकी हवा आत येत आहे, तर इंजेक्टर इतके मिलिसेकंद उघडा ठेवायचा. कारखान्यात भरलेल्या तक्त्यावरून हा अंदाज निघतो. पण इंजेक्टर झिजतात, फिल्टर तुंबतात, इंधन बदलते. म्हणून धुराड्यात एक साक्षीदार बसवलेला असतो, ऑक्सिजन सेन्सर. धुरात ऑक्सिजन उरला असेल तर मिश्रण पातळ आहे, इंधन वाढवा; उरला नसेल तर मिश्रण दाट आहे, इंधन कमी करा. हा निरोप सेकंदाला एक-दोनदा उलटसुलट होत राहतो आणि संगणक त्यानुसार मूळ अंदाजात टक्केवारीने फेरफार करतो. त्या फेरफाराचे नाव फ्युएल ट्रिम.

ट्रिम दोन प्रकारची असते. ‘शॉर्ट टर्म’ ट्रिम क्षणाक्षणाला हलते. ती बराच वेळ एकाच बाजूला झुकलेली राहिली, तर संगणक तो झुकाव ‘लाँग टर्म’ ट्रिममध्ये जमा करतो आणि इंजिन बंद केल्यावरही लक्षात ठेवतो. किराणा दुकानदार रोजच्या उधारीचे कच्चे टिपण वहीत उतरवतो, तसेच हे. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे त्या क्षणी मूळ अंदाजापेक्षा किती टक्के इंधन जास्त किंवा कमी दिले जात आहे, याचा हिशेब. बेरीज उणे-अधिक पाचाच्या आत असेल तर गाडी निरोगी समजतात, दहाच्या पुढे गेली तर कारण शोधावे. बेरीज साधारण पंचविसाच्या आसपास गेली की बहुतेक गाड्यांत ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो. म्हणजे दिवा लागेपर्यंत बरेच काही घडून गेलेले असते आणि चालकाला त्याची गंधवार्ताही नसते.

भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्यांत हे आकडे वाचण्याची सोय एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ या प्रमाणानुसार आहे. स्टीअरिंगच्या खाली सोळा पिनांचे एक खोबण असते. त्यात काही शे रुपयांचे ब्लूटूथ यंत्र बसवले की आकडे फोनवर दिसू लागतात. मी ते मागवले.

यंत्र येण्याआधी मी एक हिशेब करून ठेवला, आणि विद्यार्थ्यांनीही तो कागदावर करून पाहावा. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला जळण्यासाठी हवा कमी लागते : एका ग्रॅमला ९ ग्रॅम. वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला, घनता लक्षात घेऊन, सुमारे १३.५ ग्रॅम हवा लागते. याचा अर्थ तेवढ्याच हवेसाठी जास्त इंधन सोडावे लागणार. आकारमानाच्या हिशेबात हा फरक शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सुमारे साडेसात टक्के आणि १० टक्के मिश्रणाच्या तुलनेत सुमारे चार टक्के येतो. ऊर्जेच्या बाजूने पाहिले तरी चित्र तेच. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि इथेनॉलमध्ये सुमारे २१. म्हणजे ई२० च्या लिटरात शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे सात टक्के ऊर्जा कमी. इथेनॉलचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा बराच वरचा आहे. त्याचा लाभ घेणारे, जास्त संपीडनाचे इंजिन रचले तर या तुटीतील काही भाग भरून निघतो. २०१४ च्या इंजिनाला तो लाभ घेता येत नाही.

तेव्हा भाकीत असे होते : माझी गाडी शुद्ध पेट्रोलसाठी जुळवलेली असेल तर ट्रिम अधिक सात-साडेसात दिसावी, १० टक्के मिश्रणासाठी असेल तर अधिक चार.

इंजिन गरम झाल्यावर, गाडी जागेवर उभी असताना, बेरीज दिसली अधिक १७.

पहिल्या क्षणी मला आनंद झाला, हे कबूल करते. काकांना पाठवायला स्क्रीनचे छायाचित्रही काढले. ते पाठवण्याआधी सवयीने ॲक्सिलरेटर दाबून इंजिन २५०० फेऱ्यांवर नेले. बेरीज उतरली, अधिक १०. दुसऱ्या दिवशी पहाटे तुमकूर रस्त्यावर ताशी ८० च्या वेगाने गाडी चालवली, शेजारच्या आसनावर सहकाऱ्याला आकडे वाचायला बसवून. अधिक ९.

छायाचित्र पाठवले नाही. अल्कोहोलचे रसायन सिग्नलला उभ्या गाडीत एक आणि महामार्गावर दुसरे, असे असू शकत नाही. इंधनाच्या प्रकाराचा परिणाम गुणकासारखा असतो : साडेसात असेल तर सगळीकडे साडेसात. इथे तर गाडी उभी असताना काहीतरी मोठे होते आणि हवेचा ओघ वाढला की त्याचा टक्का कमी होत होता. एखादी ठरावीक, लहान चूक मोठ्या प्रवाहात विरघळावी तसे. सतरामध्ये दोन वेगळ्या गोष्टींची बेरीज दडलेली होती.

ट्रिमचे निदान शिकवणाऱ्या बहुतेक पुस्तकांत या नमुन्याचे उत्तर तयार असते : जागेवर जास्त, वेग वाढवला की कमी, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये कुठेतरी फट आहे आणि न मोजलेली हवा आत शिरते आहे. मी रबरी नळ्या तपासल्या. एक नळी टोकाला तडकलेली वाटली, ती बदलली. ‘कारण सापडले’ असे काकांना कळवूनही टाकले. दोनशे किलोमीटरनंतर आकडे पुन्हा पाहिले : १७, १०, ९. काहीही बदलले नव्हते.

मध्यंतरी दुसऱ्या एका गॅरेजमध्येही गाडी नेली होती. तिथे बॅटरीचे टर्मिनल अर्धा तास काढून ठेवले आणि “सिस्टिम रिसेट झाली” असे सांगितले. लाँग टर्म ट्रिम शून्यावर आलेली मी स्वतः पाहिली, आणि पुढच्या चार दिवसांत ती दोन-दोन टक्क्यांनी चढत मूळ जागी परतलेलीही पाहिली. वही फाडल्याने उधारी मिटत नाही. उलट त्या चार दिवसांत निदानासाठी उपयोगी असलेली एकमेव लेखी साक्ष नाहीशी झाली होती. मग ऑक्सिजन सेन्सरच बदलावा असाही सल्ला मिळाला. त्याची किंमत काही हजारांत होती.

चूक कुठे झाली हे मला यंत्राच्या यादीवरून कळले. पुस्तकांतील तो नियम अशा गाड्यांसाठी आहे, ज्यांत आत येणाऱ्या हवेचा प्रवाह एका सेन्सरने थेट मोजला जातो. त्या सेन्सरच्या पुढे फट पडली तर ती हवा मोजणीतून सुटते. माझ्या गाडीच्या यादीत असा प्रवाहमापकच नव्हता. तिथे होता मॅनिफोल्डमधला दाब, किलोपास्कलमध्ये. आपल्याकडील अनेक लहान पेट्रोल गाड्या दाब, तापमान आणि फेऱ्या यांवरून हवेचे गणित करतात. अशा गाडीत फट पडली तर दाब वाढतो, संगणकाला ती हवा ‘दिसते’, तो तिच्या वाटचे इंधन देतो. ट्रिम फारशी हलत नाही. फार तर जागेवरच्या फेऱ्या वाढतात. माझ्या गाडीचा जागेवरचा दाब सुमारे ३३ किलोपास्कल होता, अगदी निरोगी. फट नव्हतीच. दुसऱ्या यंत्रासाठी लिहिलेला नियम मी माझ्या यंत्राला लावला होता.

मग ऑक्सिजन येत कुठून होता? यासाठी त्या साक्षीदाराची थोडी ओळख करून घ्यायला हवी.

ऑक्सिजन सेन्सर म्हणजे झिर्कोनियाची एक अंगठ्याएवढी टोपी, दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा सच्छिद्र थर. आत बाहेरची हवा, बाहेर धूर. तीनशे अंशांच्या वर तापल्यावर हे सिरॅमिक ऑक्सिजनच्या आयनांना वाट देते, आणि दोन बाजूंच्या ऑक्सिजनच्या दाबांतील गुणोत्तरानुसार व्होल्टेज तयार होते. हे समीकरण वॉल्थर नर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये मांडले. गंमत म्हणजे त्याच नर्न्स्टनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक विजेचा दिवा बनवला होता, त्याची तापून प्रकाशणारी कांडी झिर्कोनिया आणि इट्रियाच्या मिश्रणाची होती. आजच्या सेन्सरमध्येही झिर्कोनियाला स्थिर ठेवण्यासाठी इट्रियाच मिसळतात. एका माणसाचे समीकरण आणि त्याच माणसाचे सिरॅमिक, दोन्ही आपल्या गाडीच्या धुराड्यात एकत्र येतात. मिश्रण दाट असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, पातळ असेल तर ०.१, मधली उडी इतकी तीव्र की संगणक ०.४५ च्या वर आहे की खाली, एवढेच पाहतो.

या साक्षीदाराला एकच गोष्ट कळते : माझ्याजवळ ऑक्सिजन आहे की नाही. तो कुठून आला, हे त्याला कळण्याचा काही मार्ग नाही. सिलिंडरमध्ये ठिणगी चुकली आणि मिश्रण न जळताच बाहेर आले, तरी त्याला ऑक्सिजन दिसतो आणि तो म्हणतो, मिश्रण पातळ. आणि सेन्सरच्या आधी धुराड्याला भेग पडली तरीही तो तेच म्हणतो. धूर सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो. दोन ठोक्यांच्या मध्ये नळीतला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो आणि भेगेतून हवा आत ओढली जाते. इंजिन जागेवर असताना धूर थोडा, म्हणून ही आगंतुक हवा प्रमाणाने मोठी. महामार्गावर धूर भरपूर, म्हणून ती नगण्य. १७, १०, ९.

हवेचा ओघ दाब गुणिले फेऱ्या याच्याशी साधारण समप्रमाणात असतो, असे धरून मी तीन बिंदूंचा आलेख काढला : एका अक्षावर ट्रिम, दुसऱ्यावर हवेच्या ओघाचा व्यस्तांक. तीन बिंदूंवरून रेषा काढणाऱ्या विद्यार्थ्यावर मी रागावले असते, पण रेषा आली आणि ओघ अनंत धरल्यावर ती ट्रिमच्या अक्षाला सातच्या जवळ छेदत होती. कागदावरच्या भाकिताजवळचा आकडा. उरलेले दहा टक्के इंधन, गाडी सिग्नलला उभी असताना, एका खोट्या साक्षीवर विश्वास ठेवून ओतले जात होते. इंजिनाला मुळात त्याची गरजच नव्हती.

ही सगळी कहाणी मी घराजवळच्या लहानशा गॅरेजमध्ये सांगितली. तिथल्या मिस्त्रींनी ती निम्म्यावर थांबवून विचारले, “मॅडम, सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर टक-टक आवाज येतो का?” येत होता. वर्षभर येत होता, आणि गाडी तापली की कमी होतो म्हणून मी तो सोडून दिला होता. दुसऱ्या दिवशी गाडी त्यांच्याकडेच रात्रभर ठेवली. सकाळी थंड इंजिन चालू करून त्यांनी सायलेन्सरच्या तोंडावर ओले फडके क्षणभर धरले. आवाज एकदम वाढला. बॅटरीच्या उजेडात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड जिथे इंजिनाला जोडला जातो, तिथे काजळीची एक बारीक काळी जीभ दिसली. अकरा वर्षे तापून-थंड होऊन गॅस्केट एका कडेला गेले होते. नवे गॅस्केट काही शे रुपयांचे. मजुरी त्याहून जास्त, कारण जुन्या गंजक्या बोल्टांनी अर्धा दिवस खाल्ला.

दीडशे किलोमीटर चालवून, संगणकाला नव्याने शिकू देऊन, मी आकडे पाहिले. जागेवर अधिक ६, २५०० फेऱ्यांवर अधिक ७, महामार्गावर अधिक ६. सपाट. हा अल्कोहोलचा वाटा. शहरातील मायलेज पुढच्या तीन टाक्यांत साडेबारापर्यंत आले. म्हणजे १० टक्के मिश्रणाच्या दिवसांतील १३ पेक्षा सुमारे चार टक्के कमी. टाकी भरून केलेल्या मोजणीत तीन-चार टक्क्यांची चूक सहज असते, तेव्हा या चारावर मी फार भार देणार नाही. ट्रिमच्या सपाट सहा-सातावर मात्र देईन.

हा अनुभव लिहावासा वाटला तो गॅस्केटसाठी नव्हे. आमच्या प्रयोगशाळेत एक लेझर अणूंच्या एका संक्रमणाशी बांधून ठेवलेला असतो. त्याची वारंवारिता ढळली की नियंत्रण-यंत्रणा ती परत आणते. नव्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात शिकवावे लागते ते हे की, पडद्यावर ‘त्रुटी शून्य’ दिसते म्हणून समाधानी राहू नकोस. ती शून्य ठेवण्यासाठी यंत्रणेला किती जोर लावावा लागतो आहे, ते पाहा. एकदा लेझर रात्रभर अचूक जागेवर राहिला होता, पण सुधारणेचे व्होल्टेज मर्यादेच्या टोकाला पोचले होते. कोणीतरी खोलीचे दार उघडे ठेवले होते. थोड्या वेळाने तो सुटलाच. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ ज्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली, तिचेही तत्त्व याच जातीचे आहे. तिथे आरसे नियंत्रणाने जागेवर धरलेले असतात, आणि गुरुत्वीय लहरीचा संकेत उभा करताना ते धरून ठेवण्यासाठी केलेल्या प्रयत्नाचीही नोंद वापरावी लागते.

चांगली नियंत्रण-यंत्रणा बिघाड लपवते, तेच तिचे काम. गाडी नीट चालते, धक्के देत नाही, दिवा लागत नाही. बिघाडाचा माग तिच्या प्रयत्नांच्या नोंदीत उरतो. हे मला पूर्वीपासून ठाऊक होते. जे मला त्या गॅस्केटने शिकवले ते याच्या पुढचे आहे : ही नोंद फक्त एवढेच सांगते की अंदाज आणि साक्ष यांचे जमत नाही. चूक अंदाजात आहे की साक्षीत, हे ती सांगत नाही. ई२० च्या बाबतीत साक्षीदार खरा होता आणि तक्ता जुना. गॅस्केटच्या बाबतीत तक्ता ठीक होता आणि साक्षीदार फसलेला. आकडा दोघांचा मिळून एकच, सतरा. एका आकड्याकडे कितीही वेळ पाहत बसले तरी त्याची फोड होत नाही. परिस्थिती बदलून पुन्हा मोजले, तरच दोन कारणे एकमेकांपासून सुटी होतात.

देशातल्या वादाकडे मी आता असे पाहते. जुन्या गाडीत ई२० मुळे मायलेज घटते, हे रसायनानेच सांगितले आहे. ते नाकारणे चूक आहे, आणि ज्यांच्याकडे दुसरे इंधन घेण्याचा पर्याय नाही त्यांची तक्रार रास्त आहे. पण ज्यांना १५ किंवा २० टक्के घट दिसते, त्यांच्या गाडीत अल्कोहोलखेरीज आणखी काहीतरी असण्याची शक्यता मोठी आहे, आणि वाद जितका तापेल तितके ते ‘आणखी काहीतरी’ दुर्लक्षित राहील. माझे राहिले असते. धुराड्याच्या भेगेतून येणारा कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही, एवढे लक्षात घेतले तर हे दुर्लक्ष केवळ पेट्रोलच्या पैशांचे नाही. ट्रिमच्या मर्यादाही सांगायला हव्यात. रबराच्या नळ्या, सील, इंधनपंप यांवर अल्कोहोलचा वर्षानुवर्षे काय परिणाम होतो, याबद्दल तो आकडा गप्प आहे. ई२० ला टिकणाऱ्या सामग्रीच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून याव्यात असे आराखड्यातच म्हटले होते. त्याआधीच्या गाड्यांची काळजी रास्त आहे, आणि तिचे उत्तर माझ्या फोनच्या पडद्यावर नाही.

ज्यांच्याकडे २०१३ नंतरची पेट्रोल गाडी आहे, त्यांनी एक करावे. इंजिन पूर्ण तापू द्यावे, दोन्ही ट्रिमची बेरीज तीन ठिकाणी लिहून घ्यावी : जागेवर, २५०० फेऱ्यांवर, आणि मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगात. आकडे सोबतच्या माणसाने वाचावेत, चालकाने नव्हे. तिन्ही सारखे आणि चार ते आठच्या दरम्यान असतील, तर बहुधा ते इंधन आहे. जागेवर जास्त असेल तर आधी आपल्या गाडीत प्रवाहमापक आहे की दाबमापक, ते पाहावे आणि मगच पुस्तक उघडावे. भार वाढेल तसा आकडा चढत असेल, तर पंप किंवा फिल्टर इंधन पुरवायला कमी पडत असेल. आकडा उणे असेल, तर कुठेतरी इंधन जास्त झिरपते आहे. आणि गॅरेजमध्ये बॅटरी काढण्याआधी हे सारे लिहून ठेवावे.

घरच्या गटावर मी दुरुस्ती टाकली : गाडी उभी असताना दिसलेल्या सतरापैकी सुमारे सात इथेनॉलचे, दहा गॅस्केटचे, माझा पहिला निष्कर्ष चूक होता, आणि नळीचा दुसराही. काकांनी रात्री उशिरा उत्तर दिले. ट्रॅक्टरही हल्ली जास्त तेल खातो आहे, दिवाळीला येताना ते यंत्र घेऊन ये, असे लिहिले होते. ट्रॅक्टर डिझेलचा आणि जुना आहे, त्याला असे खोबण नाही, हे मी त्यांना कळवले आहे. सकाळी थंड असताना त्याचा आवाज ऐकायला मात्र जाणार आहे.